खंडेनवमीच्या पाटावरचा अर्धा घोडा

दिवस अनंत चतुर्दशीच्या आधीचा रविवार, सकाळी अकरा. रक्कम दोन हजार रुपये, आगाऊ. हजर तिघं: मी, देवासचा लाकडावर कोरीव काम करणारा म्हातारा मिस्त्री, आणि फोनच्या पडद्यावर माझी भाची. भाचीच्या मागे लोखंडी भिंत होती आणि भिंतीवर एक पाटी. "आतोबा, ती पाटी वाचू नका हं," ती म्हणाली. म्हणून मी वाचली नाही.

भाची म्हणजे माझ्या बायकोच्या भावाची मुलगी. घर धारचं. ती नौदलात अधिकारी आहे आणि एका जहाजावर असते. सासऱ्यांच्या घराण्यात घोड्यावर बसून नोकरी केलेले पुष्कळ झाले. पाण्यावर नोकरी करणारी ही पहिली.

मिस्त्रीकडून करून घ्यायचं होतं तिच्या जहाजाचं चिन्ह. ते का, हे सांगायचं तर आधी पाटाबद्दल सांगायला हवं.

सासरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. पाटावर लाल कापड, त्यावर दोन तलवारी, एक कट्यार, आणि पूर्वजांच्या निशाणाचा काचेत बसवलेला तुकडा. त्यावर मारुती आहे, म्हणजे शेपूट आहे. बाकीचा मारुती कसरीने खाल्ला. पूजा झाली की घरातला वडील माणूस मानाचा पहिला विडा देतो. नियम असा, की घरात जो शस्त्राची चाकरी करतो त्याला पहिला विडा, आणि त्याने आपल्या चाकरीचं चिन्ह आधी पाटावर ठेवलेलं असावं. अशी चाकरी करणारे शेवटचे गृहस्थ माझ्या सासऱ्यांचे आजोबा. पुढे संस्थान विलीन झालं. सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर झाले, मेहुणा विमा विकतो. नियम मोडायचा नाही आणि विडा वाया घालवायचा नाही, यातून सासऱ्यांनी मार्ग काढला. ते पाटावर तलावाचं पाणी मोजायची आपली जुनी पट्टी ठेवतात, विडा स्वतःच स्वतःला देतात आणि खातात. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. त्यातल्या सव्वीस खंडेनवम्या मी पाहिल्या. एका वर्षी मला कावीळ होती. सव्वीसही वेळा विडा त्यांनीच खाल्ला.

मागच्या वर्षी भाची रजेवर आली तेव्हा जहाजाचं चिन्ह डब्यात घालून घेऊन आली होती. साच्यात ओतलेलं, वर रंग दिलेला, वीतभर. जहाजावर पाहुण्यांना भेट म्हणून देतात तसलं. सासऱ्यांनी ते हातात घेतलं आणि उलटं केलं. मागे किमतीची चिठ्ठी होती.

"किमतीची चिठ्ठी लावलेलं चिन्ह पाटावर चढत नाही," ते म्हणाले. "आपलं चिन्ह आपल्या कारागिराच्या हातचं लागतं."

भाचीने डबा बंद केला. त्या वर्षीचा विडाही सासऱ्यांनीच खाल्ला.

यंदा तिने श्रावणातच मला फोन केला. "आतोबा, तो कारागीर तुमच्या देवासलाच आहे ना? या वेळी आजोबांना बहाणा नाही मिळाला पाहिजे. नवमीला माझी छुट्टी मंजूर झाली आहे. त्यानंतर जहाज लंबं निघणार, पुढचे दोन-तीन दसरे मी नसेन."

"तुला विड्याची एवढी काय गोडी?" मी विचारलं.

"मला पान आवडत पण नाही. पण त्यांनी ते मला द्यायला पाहिजे."

मला हे म्हणणं रास्त वाटलं. नियम लिहिलेला असेल तर तो लागू करावा, नाहीतर खोडावा.

काम सांगण्याआधी मी चिन्हाचा नीट अभ्यास केला. भाचीने फोटो पाठवला होता आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली होती. प्रत्येक लढाऊ जहाजाला असं स्वतःचं चिन्ह असतं. ते जहाजावर चढायच्या जागी लावतात, टोप्यांवर, कपांवर, पत्रांवर असतं. बाहेर दोराचा वेढा: तो जहाजावरच्या माणसांना एकत्र बांधणारा. खाली निळ्या-पांढऱ्या पाच लाटा. लाटांतून वर येणारा एक घोडा, पुढून घोडा आणि कमरेपासून मासा. घोड्याला लाल लगाम आहे पण वर स्वार नाही. "कारण स्वार आम्ही सगळेच," भाची म्हणाली. सर्वांत खाली फितीवर जहाजाचं नाव आणि चार शब्दांचं संस्कृत. नाव मी इथे लिहीत नाही. ते तिच्या नोकरीचं आहे.

फोटोत सगळ्यांत वर राजमुद्रेचे सिंह होते. ते मी वगळले. राजमुद्रा खासगी घरासाठी कोरून घेणं कायद्यात बसत नाही. बाकीच्या चिन्हासाठी तिने तिच्या साहेबांची परवानगी काढली होती, हेही मी विचारून घेतलं. मग कागदावर सहा कलमं लिहिली: व्यास बारा इंच, लाकूड कन्नौदकडचं सागवान, पावतीसकट, लाटा पाच, घोड्याचं तोंड बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला, सिंह नाहीत, एकूण किंमत साडेचार हजार. खाली मी सही केली, मिस्त्रीने सही केली.

मिस्त्रीचं घराणं मराठी फौजेबरोबर माळव्यात आलं. तेव्हा ते तोफांचे गाडे करत. आता तो देव्हारे करतो आणि लग्नाचे चौरंग. त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला.

"घोडा कोरला आहे भिया. मासाही कोरला आहे. दोघं एका अंगात कधी नाही कोरले. याचा जोड कुठे येतो?"

"फोटोत बघा ना."

"फोटोत जोड दिसतच नाही."

"म्हणून तर ते चिन्ह आहे, काका," भाची फोनमधून म्हणाली. "जोड दिसला तर तमाशातला घोडा होईल."

चौथ्या कलमाचं महत्त्व तिने त्याला स्वतः समजावलं. ढाल कोणीतरी हातात धरली आहे असं समजायचं. चिन्हाचा उजवा म्हणजे त्या धरणाऱ्याचा उजवा, आपला नव्हे. जनावर त्या बाजूला बघतं, कारण शत्रू समोर असतो. उलट बघितलं तर ते पाठ दाखवून पळालं असं होतं.

"कळलं," मिस्त्री म्हणाला. "पळणारा नको."

पितृपक्षात तो लाकडाला हत्यार लावत नाही. घटस्थापनेला सुरुवात करेन आणि अष्टमीला दुपारी माल तयार, असं ठरलं. मधल्या दिवसांत मी तीन वेळा जाऊन आलो. तिन्ही वेळा काम कापडाखाली होतं आणि कापड काढायला त्याने नकार दिला. कापडाखालचा उंचवटा मला बारा इंचांपेक्षा रुंद वाटला होता. तेव्हाच मोजपट्टी काढायला हवी होती.

अष्टमीला दुपारी त्याने कापड काढलं. खाली दोन चिन्हं होती.

काम उत्तम होतं, हे आधी नोंदवतो. लाटा मोजल्या: पाच आणि पाच. घोड्यात मासा कुठे सुरू होतो हे मला बोट फिरवूनही सापडलं नाही. एका चिन्हात घोडा डावीकडे बघत होता, कलम चारप्रमाणे. दुसऱ्यात उजवीकडे. शेजारी ठेवले की दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"मिस्त्री, कागदावर एक लिहिलं आहे."

"एकच लिहिलं आहे."

"मग हे दुसरं?"

"जोडी आहे ना."

"जोडी कोणी सांगितली?"

मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते देवासबाहेरच्या माणसाला समजावून द्यावं लागेल. आमच्या गावात एकाच वेळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांची दोन घराणी, दोन वाडे, दोन दरबार, आणि गाव एकच. मिस्त्रीचे वडील आणि आजोबा दोन्हीकडचे कारागीर. तेव्हा निशाणाचं, पालखीचं, दरबारचं कुठलंही चिन्ह कोरायचं झालं तर एकटं कोरायचं नाही. एक एका पातीला, दुसरं दुसरीला, एकाच लाकडातून, एकमेकांकडे तोंड करून, आणि पोचवायचं एकाच घटकेला. एकटं कोरलं तर दुसरी पाती रागावणार आणि कारागिराचं काम बंद होणार.

"अहो, पात्या जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली!"

"राज्य गेलं भिया. हात तर तोच आहे."

"पण हे उलटं आहे. तुम्हीच म्हणालात ना, पळणारा नको."

"पळत कुठे आहे? समोरच्याकडे बघतो आहे."

मी म्हटलं, मला कलमाप्रमाणे एक द्या, त्याचे अडीच हजार घ्या, दुसरं तुमच्याकडे राहू द्या. तो जोडी तोडायला तयार होईना. न्यायचं तर दोन्ही. दुसऱ्याचे पैसे द्या असंही तो म्हणेना. सांगितलं नव्हतं त्याचे पैसे कसे मागू, म्हणाला. मी बाकीचे अडीच हजार दिले, दोन्ही चिन्हं बायकोच्या दोन चादरींत गुंडाळली आणि गाडीत ठेवली. देवास ते धार शंभर किलोमीटर आहे. पूर्ण रस्ताभर बायको मला सांगत होती की बाबांना दुसरं दाखवूच नका. मी म्हटलं, लपवायचं असेल तर ते मी नेणार नाही. या वाक्याचा मला पुढे चार तास पश्चात्ताप झाला.

धारला दिवेलागणीला पोचलो. भाची आदल्या दिवशीच आली होती. सासरे ओसरीत चष्मा पुसून तयार बसले होते. वय चौऱ्याऐंशी. दोन्ही चिन्हं चादरीतून निघाली तसे ते हसायला लागले.

"दोन! देवासकरांना एक हा आकडाच शिकवलेला नाही. मोजायला बसतात ते दोनपासून."

मी पात्यांची हकीकत सांगितली. ते आणखी हसले. मग त्यांनी भाचीला विचारलं, यातलं तुझं कोणतं. तिने डावीकडे बघणारं पुढे केलं आणि तपासणी सुरू झाली.

"घोडा अर्धाच आहे."

"आजोबा, पाण्यात मागच्या पायांचं काम नसतं."

"आपल्या घराण्यात अर्ध्या घोड्यावर कोणी बसलेलं नाही. लगाम आहे, खोगीर नाही?"

"स्वार नाही तर खोगीर कशाला?"

"स्वार नाही तर लगाम कशाला?"

तिने स्वार आम्ही सगळेच हे सांगितलं. ते त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला.

"लाटा पाच का?"

"ते मला नाही माहीत," भाची म्हणाली. "आमचे साहेब म्हणतात, चित्र काढणाऱ्याला तेवढीच जागा उरली होती."

"म्हणजे प्रत्येक रेघेला अर्थ असतो हे खोटं. मी नालछ्याला तलावावर अकरा वर्षं होतो. कितीही वारा सुटला तरी एका वेळी तीनच्या वर लाटा दिसत नाहीत."

"तो तलाव आहे, आजोबा."

"पाणी ते पाणी. आणि वर डोक्यावर काही नाही? मुकुट कुठे आहे?"

मी राजमुद्रेचा कायदा सांगितला.

"जावई कायदा पाळणार आणि चिन्ह उघड्या डोक्याचं राहणार," सासरे म्हणाले. मग त्यांनी दुसरं चिन्ह मांडीवर घेतलं. "हे बघा. हे उलटं. हिच्याच सांगण्याप्रमाणे हा पळणारा घोडा. पळणारा घोडा खंडेनवमीच्या पाटावर? आणि एकटं ठेवावं तर कारागीर म्हणतो जोडी तोडू नका. कारागिराचा शब्द मोडायचा नाही. मग मी करायचं काय?" आवाजात दुःख होतं, पण चेहरा मागच्या वर्षी चिठ्ठी सापडल्यासारखाच होता. "उद्या बघू."

मी दुसरं चिन्ह गाडीत ठेवलं असतं तर हा मुद्दा त्यांना मिळाला नसता. बायकोने चादरींची घडी घातली.

भाचीने अगदी शांतपणे विचारलं, "आजोबा, गेल्या साली चिठ्ठी होती. या साली जोडी आहे. पुढच्या साली काय असणार ते आत्ताच सांगून ठेवा. मी समुद्रात असेन, मला कळणार नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. जेवताना त्यांनी फक्त मीठ मागितलं, तेही माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाट मांडला. मेहुण्याने तलवारी पुसून ठेवल्या. कट्यार, काचेतलं शेपूट, माझ्या आग्रहावरून गाडीची किल्ली. बायकोने भाचीला विचारलं, वर्दी का नाही घातलीस. "वर्दी नोकरीची असते, आत्या," ती म्हणाली. साध्या कपड्यांतच तिने आपलं चिन्ह उचललं आणि पाटाच्या उजव्या टोकाला ठेवलं.

मग सासरे आत गेले आणि आपली पट्टी घेऊन आले. सहा फुटांची, फूट आणि इंच पांढऱ्या रंगात, खालचे दोन फूट पाण्याने काळे पडलेले. ती त्यांनी पाटावर डाव्या टोकाला भिंतीला टेकवून उभी केली, दर वर्षी करतात तशी. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, कोपऱ्यातलं दुसरं चिन्ह त्यांनी उचललं आणि पट्टीच्या पायाशी ठेवलं. दोन बोटांनी थोडं वळवलं. मध्ये तलवारी, दोन्ही टोकांना घोडे, एकमेकांकडे बघत.

पळणारा घोडा त्यांनी आपल्या बाजूला का घेतला हे मी विचारलं नाही. मला एवढंच दिसलं, की पाट आता भरलेला आणि दोन्हीकडे सारख्या वजनाचा दिसत होता.

पूजा झाली, आरती झाली. आता विड्याची वेळ. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "पान एक लावू की दोन?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेला मला आठवत नाही. पान एकच लागत असे. त्यांनी तो मोठ्याने विचारला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि विचारून त्या दारात येऊनही उभ्या राहिल्या नाहीत. आत अडकित्ता चालूच होता.

भाची पाटाकडे बघत होती. मेहुणा निरांजनातली वात सारखी करत होता, जी सारखीच होती. सासरे एकदा या घोड्याकडे, एकदा त्या घोड्याकडे बघत होते.

"देवासच्या जावयाने दोन आणलीत," ते शेवटी म्हणाले. "आता एक लावून कसं चालेल? दोन लाव."

विडे आले. सासऱ्यांनी ते दोन हातांत दोन घेतले आणि मला जवळ बोलावलं, साक्षीला. "हे नीट ऐका, तुम्ही देवासचे. थोरल्या पातीचा पहिला विडा हा." त्यांनी डावा हात स्वतःच्या तोंडाकडे नेला. "धाकट्या पातीचा पहिला विडा हा." उजवा हात भाचीकडे गेला. "दोन्ही एकाच घटकेला. यात दुसरा कोणताच नाही. दोन्ही पहिले."

आयुष्यभर देवासची थट्टा केलेल्या माणसाने देवासचाच कायदा धारमध्ये लागू केला होता, आणि तो असा खणखणीत आवाजात, की जणू तो त्यांच्याच आजोबांनी लिहून ठेवला होता.

भाचीने वाकून नमस्कार केला, विडा घेतला आणि तोंडात घातला. पहिल्याच चाव्याला तिचा चेहरा वाकडा झाला.

"आजोबा, सुपारी कच्ची आहे."

"मानाची सुपारी कच्चीच असते," सासरे म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं कशी खाल्ली असेल?"

तिने ती सगळी खाल्ली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. चिन्ह बरोबर घेऊन जा असं बायको म्हणत होती, पण सामानाला मर्यादा होती, आणि जहाजावर खरं चिन्ह होतंच. दोन्ही घोडे धारलाच राहिले. रिक्षा आली तेव्हा तिने आजोबांना विचारलं, "पुढच्या साली मी नसेन. माझ्या पातीच्या पानाचं काय?"

"तुझ्या चिन्हापुढे ठेवू. मान चिन्हाचा असतो."

"आणि मग खाणार कोण?"

सासरे रिक्षावाल्याला सांगू लागले की स्टँडकडे तलावाच्या बाजूने जा, इकडे खोदलेलं आहे.

आम्ही निघताना त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. वर लिहिलं होतं, "कारागिरास, दुसऱ्या चिन्हाबद्दल." मी मोजले: चार हजार पाचशे एक. ज्या चिन्हाला त्यांनी अष्टमीच्या संध्याकाळी पळणारा घोडा म्हटलं होतं, त्याचे.

सोमवारी मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी पैसे घ्यायला नकार दिला, मग कोणी पाठवलेत ते विचारलं, मग घेतले. हिशेब असा: माझ्याकडून मिस्त्रीला आगाऊ दोन हजार आणि अष्टमीला अडीच हजार, सासऱ्यांकडून माझ्या हस्ते मिस्त्रीला चार हजार पाचशे एक. एकूण नऊ हजार एक. त्याने पेटीतून आधीचे साडेचार हजार काढले, सगळ्या नोटा दोन सारख्या गड्ड्यांत लावल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि एका रुपयाचं नाणं हातात धरून मला विचारलं, हे कोणत्या पातीचं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने ते मध्ये ठेवलं.